पिकअपच्या पडद्याची चौकशी

प्रसेनजीतच्या नव्या पिकअपमधला टेप बिघडला आणि त्यापायी त्याच्या आईवर खोटं बोलल्याचा आळ आला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. टेप नुसता बिघडलेला होता तोवर आमच्या गल्लीलाही तसंच वाटत होतं.

टेप म्हणायची आपली आमची सवय. तो टेप नव्हता. २००८ सालच्या त्या पिकअपच्या डॅशबोर्डात बरोबर मधोमध पोराच्या पाटीएवढा काचेचा पडदा बसवलेला होता. त्यात रेडिओ होता, सीडी लागायची, सिनेमा दिसायचा आणि गाडी मागे घेताना मागचं सगळं पुढे दिसायचं. बटण औषधालाही नाही. जे काय करायचं ते पडद्यावर बोट टेकवून. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतून कास्टिंगं उचलायची आणि गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये उतरवायची, हे त्या गाडीचं काम. लोखंड वाहणाऱ्या गाडीला सिनेमा कशाला, असं प्रसेनजीतच्या वडिलांनी विचारलं होतं.

"आण्णा, लोड व्हायला अर्धा दिस जातोय. तवर मी काय करू?"

"वाच."

"काय वाचू?"

आण्णांनी नुसतं पुस्तकांच्या कपाटाकडं बोट केलं. गाडी ताब्यात मिळाली त्याच दिवशी घरी येताना वाटेत प्रसेनजीतनं पडदा बसवून घेतला.

हे आण्णा म्हणजे माझे शेजारी यल्लाप्पा. जिल्हा परिषदेत त्यांची सगळी नोकरी खातेनिहाय चौकशा करण्यात गेली. निवृत्तीनंतर खातं सुटलं, चौकशी सुटली नाही. घरात दूध उतू गेलं तरी ते आधी घटनाक्रम विचारत आणि मग गॅस बंद करत. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर त्यांच्या वडिलांनी घरातले देव पंचगंगेला पोचवले तेव्हा आण्णा शाळेत जात होते. नाव मात्र आधीच यल्लम्मावरून पडून गेलेलं होतं आणि दाखल्यावरही चढलं होतं. पुढं बायको मिळाली तीही निपाणीपलीकडची आणि नावाची यल्लव्वाच. ही सगळी कसर आण्णांनी पोरांत भरून काढली. मुलाचं नाव प्रसेनजीत, मुलीचं संघप्रिया.

यल्लव्वाकाकूंचं लग्न लागलं तेव्हा डोक्यावर अक्षता पडल्या नाहीत, फुलं पडली. त्याच दिवशी त्यांनी नवऱ्याला शब्द दिला की आता मागचं मागं. हा शब्द त्यांनी पाळला कसा, ते गल्लीला माहीत होतं. संकेश्वरच्या बहिणीकडं जत्रेला गेल्या, तर तिथं सगळे आग्रह करकरून थकले, पण काकूंनी कपाळाला भंडारा लावून घेतला नाही. बहीण वर्षभर रुसली. काकू म्हणाल्या, "रुसू दे. आमच्या मालकाला एकदा न्हाय म्हटलंय, ते न्हायच." स्वतः आण्णांनाही याचा अभिमान होता. तो ते बायको सोडून सगळ्यांपुढं बोलून दाखवत.

तर गाडी आली तो दिवस. शोरूमवाल्यांनी रिवाजाप्रमाणं ताट तयार ठेवलं होतं. हळद, कुंकू, अक्षता, नारळ, चाकाखाली ठेवायला लिंबं. आण्णा पुढं झाले आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाले, "धन्यवाद. आमचं आम्ही आणलंय." पिशवीतून तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो निघाला, मेणबत्ती निघाली, फुलं निघाली. त्रिशरण-पंचशील झालं. शोरूमचा मॅनेजर आपला हात जोडून उभा राहिला. त्याला गिऱ्हाईक खूश झाल्याशी मतलब. घरी आल्यावर आण्णांनी ही हकीकत गल्लीतल्या प्रत्येक उंबऱ्यावर जाऊन सांगितली. दोन घरी तर दोनदा.

त्या संध्याकाळी पडदा झकास चालला. गल्ली आळीपाळीनं केबिनमध्ये बसून गाणी ऐकून गेली. पलीकडच्या घरातल्या चिमणाबाई, वयानं आमच्या सगळ्यांत मोठ्या, त्यांनी त्या पडद्याकडं बराच वेळ बघून विचारलं, "ह्यो कसला दिवा म्हनायचा?"

"दिवा न्हवं आज्जी. गाडीचं डोस्कं हाय त्ये," प्रसेनजीत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गाडीचं डोकं फिरलं.

प्रसेनजीतनं भीमगीतांची सीडी घातली. ढोलकी वाजली, पेटी वाजली, गायकानं तोंड उघडलं आणि लगेच दुसरं गाणं लागलं. त्याचीही ढोलकी, पेटी, गायकाचं तोंड आणि तिसरं गाणं. सबंध सीडीतला एकही गायक एका अक्षराच्या पुढं जाऊ शकला नाही. रेडिओ लावला तर निवेदिका "नमस्कार" मधलं "न" म्हणायची आणि स्टेशन बदलायचं. पडद्यावर बोट टेकवावं तर ते भलतीकडंच लागायचं. मागचं दृश्य तेवढं दिसायचं, पण गाडी पुढं चाललेली असताना.

आता दुरुस्तीला हातांची काही कमी नव्हती. समोरच्या माडीवरचा आकाराम खाली आला. तो मोटारपंप रिवाइंड करायचा, त्यामुळं वीज ज्यातून जाते ते सगळं आपल्या अखत्यारीत येतं असं त्याचं मत होतं.

"बॅटरीची वायर काड आनि परत लाव. दम घेऊ दे जरा त्याला."

वायर काढली. पडद्यानं दम घेतला. परत लावली तेव्हा पडद्यावरची सगळी अक्षरं चिनी झाली होती.

"ह्ये काय केलंस गा, आकाराम?"

"मी कुटं काय केलं? त्याची मायबोली ती. शुद्धीवर आलंय न्हवं का, मग आधी मायबोलीच आठवनार की."

पुन्हा इंग्रजी करायचं तर पडद्यावर बोट टेकवून आत कुठंतरी जायला हवं. आणि बोट तर कुठंच लागत नव्हतं. शोरूमला फोन केला. ते म्हणाले, गाडीचं काही असेल तर बोला, पडदा बाहेरचा आहे. ज्यानं पडदा बसवला त्याच्याकडं प्रसेनजीत निघाला. मीही सोबत गेलो. निवृत्त माणसाला दुसऱ्याच्या बिघाडाइतकी करमणूक कशात नाही. त्या दुकानदाराचं नाव हंबीरराव. गळ्यात सोन्याची साखळी, हातात चहाचा ग्लास. त्यानं पडद्याकडं लांबूनच बघितलं.

"सॉफ्टवेअर," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"सॉफ्टवेअर म्हंजे सॉफ्टवेअर, पावणं. दिसत न्हाय ते."

"मग दुरुस्त कसं व्हायचं?"

"दिसत न्हाय म्हटल्यावर आपन काय करनार?" मग आमचे चेहरे बघून त्याला दया आली. त्यानं स्पीकरच्या वायरी उलटसुलट करून बघितल्या, सीडी शर्टाला पुसून बघितली, शेवटी म्हणाला, "गाडी नवी हाय. रुळंल हळूहळू." डावा स्पीकर मात्र त्या दिवसापासून उजवीकडं वाजू लागला.

पडद्याबरोबर एक माहितीपुस्तिका मिळाली होती. चिनी माणसानं इंग्रजीत लिहिलेली. ती वाचून काढायचं काम माझ्याकडं आलं. "पडद्यास प्रेमाने वागवावे" आणि "ओल्या बोटाने आनंद घेऊ नये" एवढा बोध त्यातून मिळाला. दोन्ही सूचना आम्ही पाळत होतो. तरी गुण नव्हता.

हे सगळं एरवी आठवडाभर रमतगमत चाललं असतं. पण रविवारी नेसरीला संघप्रियाच्या मुलाचं नामकरण होतं. पहिला नातू. यल्लव्वाकाकूंनी पाळणा स्वतः सुताराच्या डोक्यावर बसून करून घेतला होता. तो पिकअपच्या हौद्यात ठेवायचा, काकूंनी पुढं बसायचं, आणि भीमगीतं लावत गाडीनं नेसरीत शिरायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. लेकीला फोनवर सांगूनही टाकलं होतं. त्यामुळं गुरुवारी दुपारी काकू स्वतःच केबिनमध्ये चढल्या.

"ह्ये सरळ पुसून तरी बघितलं काय कुनी?" म्हणत त्यांनी पदराच्या टोकानं पडदा पुसायला घेतला. पुसता पुसता खालच्या उजव्या कोपऱ्यात पदराचा धागा अडकला.

"ह्ये काय रुतलंय गा हितं?"

बांगडीला अडकवलेली पिन काढून त्यांनी पडदा आणि त्याची चौकट यांच्या फटीत घातली आणि हलकेच वर उचकटलं. तांदळाचा एक दाणा टपकन गिअरपाशी पडला.

त्याच क्षणी आतल्या गायकानं तोंड उघडलं आणि पुढचं अक्षर म्हटलं. मग त्याच्यापुढचं. मग सबंध ओळ. गल्लीतून टाळ्या पडल्या. आकाराम माडीवरून ओरडला, "काकू, नाद खुळा!"

कारण तसं साधंच होतं. त्या कोपऱ्यात "पुढचं गाणं" असा बाण होता. चौकटीखाली घुसलेला दाणा काचेवर सतत दाबून बसला होता. पडद्याला वाटत होतं की कुणीतरी बोट टेकवून ठेवलंय. बिचारा सांगितलेलं काम करत होता. भाषा तेवढी चिनीच राहिली, कारण ती बदलायला जिथं जावं लागतं तिथली पाटीही चिनीतच होती. पण कुठं काय आहे हे प्रसेनजीतनं जागेवरून पाठ केलं.

सगळं इथंच संपायला हवं होतं. पण टाळ्या ऐकून आण्णा बाहेर आले. त्यांनी दाणा तळहातावर घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि दाणा उन्हात धरला.

"हा तांदूळ कच्चा आहे," ते म्हणाले. "अखंड आहे. आणि कुंकवानं रंगवलेला आहे."

टाळ्या थांबल्या, गाणं चालूच राहिलं.

"ही अक्षता आहे," आण्णा म्हणाले. "या गाडीची पूजा झालेली आहे."

मग चौकशी बसली. बसली म्हणजे खरोखरच बसली. आण्णांच्या ओसरीवर खुर्च्या टाकून. दाणा एका बशीत ठेवला होता. मला पंच म्हणून बोलावलं.

"पंत, आधी तुम्हीच सांगा. तुमच्याकडून काही झालं?"

"आण्णा, माझ्या स्वतःच्या स्कूटरची पूजा मी कधी केली नाही. ती ढकलत आणली त्या दिवशीसुद्धा नाही."

"ते मला माहीत आहे," आण्णा म्हणाले. माझ्या नास्तिकपणावर त्यांचा विश्वास होता. "शोरूमवाल्यांचं ताट मी माझ्यासमोर परत पाठवलं. पहिल्या संध्याकाळी पडदा चांगला होता. सकाळी बिघडला. म्हणजे प्रकार रात्री ते सकाळ या अवधीत घडला. गाडी दारात. किल्ली घरात खुंटीला. प्रसेनजीत?"

"मी झोपलोतो की, आण्णा."

"म्हणजे राहिलं कोण?"

कोण राहिलं ते सगळ्यांना दिसत होतं. ते हातात चहाचा ट्रे घेऊन दारात उभं होतं.

"माझं नाव घ्या की सरळ," काकू म्हणाल्या.

"मी नाव घेतलेलं नाही. मी वस्तुस्थिती मांडतोय. इतके लोक हात लावून गेले. आकारामनं बघितलं, त्या दुकानदारानं बघितलं, पंतांनी पुस्तक वाचलं. कुणाला दाणा दिसला नाही. तुलाच नेमका कसा सापडला?"

"पुसताना सापडला. तुम्ही पुसला असता तर तुम्हाला सापडला असता."

"जागा माहीत असल्याशिवाय..."

"अवो, मी टाकला असता तर मीच काडून चारचौघांत दाखवला असता व्हय?"

"संशय येऊ नये म्हणून माणसं तसंही करतात. माझ्या नोकरीत मी पाहिलंय."

काकूंनी ट्रे खाली ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही, आणि आमच्याकडं आवाज चढला नाही की माणसं घाबरतात.

"म्हंजे मी खोटं बोलली. इतकी वर्सं झाली. भैनीचं बोलनं बंद झालं माझ्याशी, तरी मी भंडारा लावून घेतला न्हाय, आनि आता तुमास्नी चोरून टीव्हीला कुंकू लावायला गेलीती."

"तसं मी म्हणत नाही. शंका..."

"शंका काडून टाका. ज्या दिवशी काडाल त्या दिवशी मी ह्या गाडीत बसंन. तवर न्हाय."

"आव्वा, आनि रविवारी नेसरीला?" प्रसेनजीत घाबरून म्हणाला.

"नातवाचं नाव ठेवायचं पुण्याचं काम. खोटारडी बाई कशाला पायजे तितं?"

काकू आत गेल्या. चहा आम्हाला दिला होता. आण्णांचा कप तेवढा ट्रेमधून आत गेला होता.

पुढचे दोन दिवस त्या घरात सगळं वेळच्या वेळी होत होतं. भाकरी होत होती, झुणका होत होता, आण्णांच्या धोतराला इस्त्री होत होती. फक्त काकू आण्णांशी बोलत नव्हत्या. काही सांगायचं झालं तर भिंतीला सांगत. "भिंती, पानी तापलंय म्हनून सांग." आण्णाही मागं हटेनात. एकदा सगळ्यांसमोर काढलेला निष्कर्ष मागं कसा घ्यायचा, हे त्यांना कुठल्या परिपत्रकात सापडेना. नेसरीहून संघप्रियाचा फोन आला. तिला भावानं सगळं सांगितलं होतं. ती आण्णांना म्हणाली, "आव्वा आली न्हाय तर मी पोराचं नाव ठेवायची न्हाय. ऱ्हाऊ दे त्याला 'बाळ' म्हनूनच. मोठा होऊन कामाला लागला तरी बाळच."

आण्णांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं आले. खुर्चीत बसून बराच वेळ आपली टोपी निरखत राहिले.

"पंत, तिनं केलं नसेल असं मला मनातून वाटतं. पण पुरावा..."

"मग मनातलं सांगा की तिला."

"पुराव्याविना?"

"आळ घेताना कुठं होता?"

यावर ते उठून गेले. मला वाटलं, चिडले. पण जाताना त्यांनी दार हळू लावलं.

शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं चिमणाबाई परत आल्या. गाडी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या मुरगूडला मुलीकडं गेल्या होत्या, त्यामुळं झाल्या प्रकारातलं अक्षरही त्यांना माहीत नव्हतं. आणि आमच्या गल्लीनं, जी एरवी पाल चुकचुकली तरी दुसऱ्या टोकाला कळवते, तिनं थकून आलेल्या म्हातारीला काही सांगितलं नाही. रविवारी सकाळी दारात पिकअप धुऊन उभी होती, हौद्यात पाळणा बांधला होता, प्रसेनजीत स्टिअरिंगवर बसला होता, गाणं लागलं होतं. आण्णा इस्त्रीचं धोतर, टोपी घालून गाडीपाशी उभे होते आणि काकू नव्या लुगड्यात ओसरीवर भिंतीशेजारी बसल्या होत्या. मी, आकाराम आणि त्याची बायको हौद्यात चढून पाळण्याचे दोर धरून बसलो होतो. कुणी निघा म्हणत नव्हतं.

"का गा थांबलाय सगळी?" चिमणाबाई ओटा झाडता झाडता म्हणाल्या. "गाडीला काय झालं व्हय?"

"गाडीला न्हाय, आज्जी," प्रसेनजीत म्हणाला. "पडद्यात तांदळाचा दाना घावला. अक्षता. आण्णा म्हनत्यात आव्वानं पूजा केली. आव्वा म्हनती न्हाय केली."

चिमणाबाईंनी झाडू खाली ठेवला.

"ऱ्हायलाच व्हय एक?" त्या म्हणाल्या. "आनि मी म्हनत होते, सगळं येचलं की मी!"

आण्णांनी चष्मा कपाळावर चढवला.

"चिमणाबाई, तुम्ही?"

"मी न्हवं तर कोन? मुरगूडच्या पयल्या गाडीला निघालेते. म्हटलं, जाता जाता पोराच्या गाडीला दोन दानं टाकावं. खिडकी उघडीच होती तुमच्या प्रसेनची, हात घालून दार उघडलं. ह्यो म्हनलाता, पडदा म्हंजे गाडीचं डोस्कं. म्हटलं, डोस्क्यालाच टाकावं. कुंकू लावलं, हात जोडलं, परत पदरानं सगळं पुसून काडलं. दानं येचून घेतलं."

"पुसलं कशाला?"

"तुमास्नी आवडत न्हाय म्हनून!" चिमणाबाई या प्रश्नानं चकित झाल्या. "तुमच्या घरात मी कशाला ढवळाढवळ करू? वर पोचायचं ते पोचलं, तुमाला दिसलं न्हाय. कुनाचं काय गेलं?"

आण्णांच्या नोकरीत असा कबुलीजबाब कधी आला नसावा.

"पुढच्या वेळी विचारून करत जा," ते म्हणाले.

"इचारलं तर करू द्याल?"

"नाही."

"मग?"

चिमणाबाईंनी आवाज जरा खाली आणला. "आमचं मालक होतं तवर हायवेला ट्रक घिऊन जायचं. एकदाबी मी हात जोडल्याबिगर गाडी हलू दिली न्हाय. आता घरात गाडी न्हाय. हात जोडायची सवय हाय तशी हाय. मग तुमचं पोरगं गावलं. रागावलाय व्हय?"

"नाही," आण्णा म्हणाले. आणि ते खरंच रागावले नव्हते. "तुमच्या मनात काय होतं ते समजलं. आमच्याकडं ते चालत नाही, ते तुम्हालाही समजलंय. विषय संपला."

"संपला व्हय?" ओसरीवरून आवाज आला.

गुरुवारनंतर काकू पहिल्यांदा भिंतीला सोडून बोलत होत्या. त्या उठून पायरीवर आल्या.

"शेजारनीनं कबूल केलं. विचारायच्या आधी केलं. घरच्यानं काय करायचं?"

आण्णांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"झालं असं की," ते म्हणाले, "उपलब्ध माहितीच्या आधारे जो निष्कर्ष काढण्यात आला होता, तो नव्यानं पुढं आलेल्या वस्तुस्थितीमुळं..."

"मराठीत सांगा."

"गैरसमज झाला."

"कुनाचा?"

"आपला."

"आपला म्हंजे दोघांचा? माझा काय न्हवता. मी पयल्यापासनं सांगत होते."

हौद्यातून आकाराम कुजबुजला, "पंत, दोर घट्ट धरा. लांबतंय ह्ये." पण लांबलं नाही. आण्णा पायरीपाशी गेले. मला ते पाठमोरे दिसत होते. खांदे जरा पुढं आले, मान खाली गेली आणि ते काहीतरी म्हणाले.

"काय?" काकू म्हणाल्या. "गाण्यात ऐकू आलं न्हाय. प्रसेन, कमी कर की रं जरा."

प्रसेनजीतनं पडद्यावर बोट टेकवलं. पडद्यानं क्षणाचाही विचार न करता आवाज पार खाली नेला. बटणाचा कान पिळून तो कमी करत आणला असता तर गाण्याच्या शेपटीत आण्णांना लपता आलं असतं. त्या चिनी कारागिरानं तशी सोय ठेवली नव्हती.

"चुकलं," आण्णा म्हणाले.

पुढच्या वळणावरच्या दूधवाल्यानंही मान वर केली.

"कुनाचं?"

"माझं चुकलं. तू खोटं बोलत नव्हतीस. तू कधीच खोटं बोललेली नाहीस, आणि हे मला आधीपासून ठाऊक होतं."

काकूंनी त्यांच्याकडं नीट बघून घेतलं. मग पदर खोचला, पायरी उतरल्या आणि केबिनकडं चालल्या. आण्णा दार उघडून उभे राहिले. त्यांना ते दार कसं उघडतं हे माहीत नव्हतं, म्हणून थोडा वेळ लागला. पण काकू थांबल्या. वर चढून बसल्यावर त्यांनी खिडकीतून चिमणाबाईंना हाक मारली.

"ओ अक्का, झाडू ठेवा आनि चला. पाळन्याच्या चारी बाजूला मानूस पायजे. तीनच हाईत."

"मी ह्या लुगड्यात?"

"ह्याच लुगड्यात. आनि नेसरीत कशावर कायबी टाकायचं न्हाय."

"न्हाय बाई. फुलं तरी टाकू का?"

"फुलं टाका की. फुलं आमचीच हाईत."

चिमणाबाईंना आम्ही हात देऊन हौद्यात घेतलं. पिकअप सुरू झाली. एवढ्यात पलीकडच्या माडीवरून, जिथं सगळा प्रकार नीट ऐकू गेला नव्हता, कुणीतरी वाकून ओरडलं, "काय झालं ओ आण्णा? मिटलं व्हय?"

आण्णा तोवर काकूंशेजारी चढून बसले होते. त्यांनी काच वर करायला हात घातला. काकूंनी तो हात धरला.

"सांगा त्यास्नी," त्या म्हणाल्या. "त्यांच्यासमोरबी आळ घेतलाता."

मग आण्णांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून पुन्हा एकदा सांगितलं. नेसरीपर्यंत त्यांना आणखी दोनदा सांगावं लागलं; एकदा चहाच्या टपरीवर आकारामचा मेहुणा भेटला म्हणून, आणि एकदा नेसरीच्या वेशीवर लेकीला. शेवटच्या खेपेला तर ते चांगलं खणखणीत म्हणाले, आणि संघप्रियानं पोराला काकूंच्या मांडीवर दिलं.